पाच-सात-पाच, खराडी शाखा

हायकू मंडळाच्या पहिल्याच बैठकीत परागने प्रोजेक्टर लावला, तेव्हाच मी दाराकडे बघितलं. तीन ओळींच्या कवितेला एकवीस स्लाइड्स! खराडीच्या आमच्या आयटी ऑफिसात हे मंडळ मीच काढलेलं, त्यामुळे पळताही येईना. पुढे हायकू एकही धड झाला नाही. किस्से मात्र असे साठले की कॅन्टीनमध्ये लोक मला हटकून थांबवतात.

नियम एकच. पाच अक्षरं, मग सात, मग पाच. आम्ही बोटांवर मोजायचो. सवय इतकी लागली की क्लायंट बोलत असला तरी टेबलाखाली सगळ्यांची बोटं हलायची!

*

मी गळणाऱ्या पानावर लिहिलं. पराग टेस्टर. त्याने रिव्ह्यू केला.

"पान गळलं. ओके. पुन्हा गळतंय का?"

"अरे, कविता आहे ती!"

"असू दे. एकदाच गळलं तर बग म्हणून धरता येत नाही."

*

आमचे परीक्षक दामले सर, नारायण पेठेतले मराठीचे निवृत्त मास्तर. आम्ही फोन स्पीकरवर टाकून हायकू वाचायचो, ते नापास करायचे.

हायकूत ऋतू हवा, असं त्यांनी सांगितलं. आमच्यातला नीलेश वर्ध्याचा. म्हणाला, "तुमच्या पुण्यात उन्हाळा असते का? याले आमच्याकडे हिवाळा म्हणतेत!" आणि त्याने ऐकवला:

ऊन तापले
कूलर बंद झाला
लाईट गेली

आम्ही टाळ्या वाजवल्या. पलीकडून सर म्हणाले, "ही तक्रार आहे. वीज ऑफिसात द्या."

*

मॅनेजर शिंदेंना कल्पना फार आवडली. "पण पाच-सात-पाचवर का थांबायचं? पुढच्या क्वार्टरला दहा-चौदा-दहा करू!"

*

निसर्ग अनुभवायला मी स्कूटीवरून जवळच्या मांजरी गावाला गेले. उसाच्या कडेला उभी राहून डोळे मिटले. कानाशी आवाज आला, "प्लॉट बघताय व्हय?"

मी एवढी दचकले की हेल्मेट पाटात! मागे एक काका उभे.

"नाही हो, ऊस बघतेय."

"ऊस काय बघायचा? सात-बारा बघा!"

*

आणि मग अ‍ॅन्युअल डे जवळ आला. एका दुपारी शिंदे म्हणाले, "चारला कार्यक्रमपत्रिका छापायला जातेय. सरांनी पास केलेला एक तरी हायकू द्या. नाहीतर तुमच्या स्लॉटला अंताक्षरी, आणि मंडळ बंद."

अंताक्षरीसाठी का मी हे सगळं केलं? नीलेशने घाईघाईत एक लिहिला होता, त्यात पुन्हा कूलर. पण पर्याय नव्हता. घड्याळात पावणेतीन. नारायण पेठेत, दुपारी, दामले सरांना फोन!

"तू लाव," पराग म्हणाला.

"तू लाव ना!"

"मंडळ तुझं."

लावला. स्पीकरवर. रिंग वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. पुन्हा बंद. शिंदे दारात येऊन उभे, हातात पत्रिकेचा कच्चा मसुदा.

तिसऱ्यांदा लावला. खट्ट! मी खुर्चीतच उडाले.

"सर, मी... खराडीहून..."

पलीकडे एक लांब श्वास. मग सावकाश, एकेक शब्द तोडत आवाज आला:

"झोपलो होतो.
आता उठवलंत.
बोला, काय ते!"

टेबलाखाली सगळ्यांची बोटं हलत होती.