रॅक हलतो कुठे?

सुलभाताईंनी स्टीअरिंग उजवीकडे वळवलं, तरी गाडी क्षणभर सरळच गेली. मग एकदम वळली. शिवाजी पार्कच्या कडेनं चालणारे एक आजोबा चटकन फुटपाथवर चढले.

"बघितलंस, वनिता? मी सांगते ते ऐकते, पण उशिरा."

लाल टू-सीटर, साठच्या दशकातली विलायती स्पोर्ट्स कार. बँकेतून रिटायर झालेल्या सुलभाताई तरुणपणापासून तीच चालवत आल्या होत्या. मुलानं, निखिलनं, आता निक्षून सांगितलं होतं, "स्टीअरिंग नीट झालं तर ठीक, नाहीतर गाडी विकायची." त्याचं चुकत नव्हतं. दोन गॅरेजनी सांधे बदलून दिले होते, फरक शून्य. मग गाडी भोईवाड्यात आमच्याकडे आली.

गॅरेज सावंतकाकांचं. मी, वनिता, तिथे जुन्या गाड्यांची कामं बघते.

स्टीअरिंग रॅक म्हणजे दातेरी दांडा. स्टीअरिंग फिरवलं की तो डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि चाकं वळवतो. हा दांडा एका नळीत असतो, आणि ती नळी गाडीच्या सांगाड्याला दोन क्लॅम्पनी घट्ट धरलेली असते. दांडा सरकायला हवा, नळी मात्र जागची हलता कामा नये.

मी गाडीखाली शिरले. "ताई, स्टीअरिंग हलवा. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे."

नळीच हलत होती. काकाही वाकून बसले.

"हलता खय ता माका दाखय."

मी टॉर्च मारला. बोल्ट घट्ट होते, पण ज्या पत्र्यात ते बसले होते त्याची भोकं झिजून लांबट झाली होती. एका भोकापासून चीर निघाली होती. कुणीतरी वर रंग फासून ती झाकली होती.

"अरे देवा," ताई म्हणाल्या. "आणि मी अशा गाडीतून खंडाळ्याला जाऊन आले!"

रॅक उतरवला. चीर आणि भोकं वेल्डिंगनं भरली, वरून जाड पोलादी प्लेट जोडली, नवी भोकं पाडली. क्लॅम्पखाली नवं रबर घातलं, आपोआप सैल न होणारे नट लावले. मग स्टीअरिंग हलवून बघितलं. नळी तसूभरही हलेना. मी खुशीत ताईंना फोन केला.

ट्रायलला त्यांनीच चालवली. परळच्या रस्त्यावर गाडी सांगितल्याबरोबर वळली. मग एक चाक खड्ड्यात गेलं आणि त्यांनी ब्रेक मारला.

"आत्ता मी स्टीअरिंगला हातही नाही लावला. मग डावीकडे का गेली?"

"खड्डा होता ना, ताई."

"खड्डे मला नवे नाहीत गं. पूर्वी असं करत नव्हती."

परत येऊन मी काकांना सांगितलं. त्यांनी माझ्या प्लेटच्या कडेवर नख फिरवलं.

"प्लेट वरून मारलंस. रॅक तेवढो वर इलो की नाय?"

मी कपाळावर हात मारला. रॅकची उंची ठरलेली असते. ती बदलली, तर खड्ड्यात चाक वरखाली होताना गाडी आपणहून वळते. मी रॅक पक्का बसवला होता, पण भलत्याच उंचीवर.

प्लेट कापून काढली आणि खालच्या बाजूनं जोडली. ताकद तीच, आणि रॅक पुन्हा मूळ उंचीवर आला. या वेळी स्प्रिंग काढून चाक हातानं वरखाली करून पाहिलं. चाकाचं तोंड जराही फिरलं नाही. तेव्हाच बोल्ट शेवटचे आवळले.

रविवारी सकाळी ताई निखिलला घेऊन टॅक्सीनं गाडी न्यायला आल्या. त्याला शेजारी बसवून त्यांनी अँटॉप हिलपर्यंत चक्कर मारली. मी आणि काका दारात चहा घेऊन उभे. दुसरा कप संपला तरी गाडी येईना. मी रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले.

अखेर लाल बॉनेट कोपऱ्यावरून वळलं. निखिल उतरला, केस विस्कटलेले.

"स्टीअरिंग एकदम ओके आहे," तो म्हणाला. "आईचा स्पीड कमी करणारं काही बसवता येईल का?"

"ता आमच्याकडे मिळणा नाय," काका म्हणाले.

ताई अजूनही ती गाडी चालवतात. आणि मी आता नट आवळण्याआधी बघते, की वस्तू आपल्या जागी आहे ना. नसेल, तर आपण चूकच घट्ट बसवतो.