दहातला एक कोर्स

कुंदाताईंनी माझ्या मुलीला चुकीचा सल्ला दिला आणि त्यामुळे तिचं मेडिकल दोन वर्षं लांबलं, असं मी चार वर्षं लोकांना सांगत आलो. इथं कॅनडात, एडमंटनमधल्या बऱ्याच मराठी घरांनी ते खरं मानलं. ते खोटं होतं. चूक माझी होती, खोटंही माझंच होतं, आणि कुंदाताईंना दोन्ही माहीत होतं. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करत असताना दूर पूर्वेकडच्या किचनर शहरातून त्यांच्या मुलाचा, समीरचा फोन आला. "नितीन, आई गेली. झोपेतच..." मी फावडं तसंच बर्फात रोवलं आणि गॅरेजमध्ये जाऊन बसलो. रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की चला, आता हे कुणालाच कळणार नाही. त्या विचाराची मला अजून लाज वाटते. ती लाजच मला हे लिहायला बसवते आहे.

कुंदाताई सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून इथं आल्या. यजमान भूगर्भशास्त्रज्ञ होते, ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कुंदाताईंची बी.एस्सी. इथं कुणी विचारात घेतली नाही, म्हणून त्या विद्यापीठाच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत लागल्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी द्रावणं तयार करायची, काचेची भांडी मांडून ठेवायची, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. "डॉक्टर व्हायला निघालेली आणि बेसिनपाशी उभी राहून रडणारी मुलं मी जेवढी बघितली, तेवढी त्यांच्या आयांनी बघितली नसतील," असं त्या म्हणायच्या. इथं बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी पदवीची काही वर्षं काढायची, आणि त्यात नेमके कोणते कोर्सेस हवेत, किती हवेत, कसे घेतलेले हवेत, याचे नियम प्रत्येक मेडिकल कॉलेजचे वेगळे. एकाला स्टॅटिस्टिक्स हवं, दुसऱ्याला बायोकेमिस्ट्री, तिसऱ्याला इंग्रजी. आणि हे नियम बदलत राहतात. निवृत्त झाल्यावर कुंदाताईंनी हे नियम वाचण्याचा वसाच घेतला. दर वसंतात त्या सगळ्या कॉलेजांची पानं पुन्हा पहिल्यापासून वाचत आणि इंडियन ग्रोसरीतून मिळालेल्या जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं तक्ते काढत. कुठं शंका आली की सरळ त्या कॉलेजच्या ऑफिसात फोन. कोण बोललं, काय म्हणालं, कोणत्या तारखेला, हे तक्त्याच्या कडेला लिहिलेलं असे. मी त्यांचा तो फोन एकदा ऐकला आहे. पन्नास वर्षं कॅनडात काढूनही अस्सल नागपुरी वळणाचं इंग्रजी, आणि पलीकडचा माणूस कंटाळला तरी यांचं आपलं, "नो नो, प्लीज रीड मी द होल सेंटेन्स."

आमची इरा बारावीत असताना आम्ही तिला घेऊन त्यांच्याकडे गेलो. दारातच त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, मेधाला, वेगळं काढलं. "आईबाबांनी लिव्हिंग रूममध्ये बसायचं. टीव्ही लावून ठेवलाय. चिवडा टेबलावर आहे." मी म्हटलं, "कुंदाताई, मी काही बोलणार नाही, नुसता बसतो." त्या म्हणाल्या, "नुसता बसणारा बाप मी अजून पाहिलेला नाही." मेधा खळखळून हसली. मला मात्र ते लागलं. टीव्हीचा आवाज कमी करून मी कान तिकडे लावला होता. मला वाटलं होतं, त्या विचारतील की कोणत्या कॉलेजला जायचंय. त्यांनी विचारलं, "कोणता विषय वाचायला बसलीस की जेवायचं विसरतेस?" इरा हळूच म्हणाली, "सायकॉलॉजी, आय गेस. अँड स्टोरीज." "मग पदवी त्याची घे," कुंदाताई म्हणाल्या. "मेडिकलला लागणारे कोर्सेस म्हणजे जेवणातलं मीठ. ते बरोब्बर पडलं पाहिजे, पण मीठ म्हणजे जेवण नाही. उद्या अ‍ॅडमिशन नाही मिळाली, तर तुझ्या ताटात काहीतरी असायला हवं." दीड तासानं इरा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चार वर्षांचा तक्ता होता आणि चेहरा असा उजळलेला, की मी तो आधी पाहिला नव्हता. तक्त्याच्या खाली जाड पेन्सिलीनं एकच सूचना होती. सप्टेंबर ते एप्रिल दहा कोर्सेस, एकही सोडायचा नाही. इराला जिथं जायचं होतं तिथं अशी किमान दोन पूर्ण वर्षं लागत. नऊ केले तर ते वर्ष धरतच नाहीत.

मी सांगलीत शिकलो. माझं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं आणि मी इंजिनिअर झालो. ते दोन मार्क माझ्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत. आमच्या वेळी डॉक्टर म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. इंग्रजी म्हणजे कसाबसा काढायचा भाषेचा पेपर. दुसऱ्या वर्षी जानेवारीत इराला इंग्रजीच्या पहिल्या निबंधाला सी प्लस मिळाला आणि माझं धाबं दणाणलं. सरासरी खाली जाणार, मेरिट जाणार! मी तिला म्हटलं, "हा कोर्स सोड. इंग्रजी उन्हाळ्यात करू. या सत्रात पाचाऐवजी चार कोर्स घे आणि त्यात उत्तम मार्क काढ." इरा घाबरली. तिनं कुंदाताईंना फोन केला आणि मग मला येऊन सांगितलं, "शी सेज डोंट ड्रॉप इट. शी वॉन्ट्स टू टॉक टू यू." मी म्हटलं, बोलतो. दोन दिवस मी फोन हातात घेऊन बसलो. त्या मला काय म्हणतील हे मला ठाऊक होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कोर्स सोडायची मुदत संपत होती. इरानं विचारलं, "बाबा, डिड यू कॉल हर?" मी म्हणालो, "हो. मी समजावलं त्यांना. म्हणाल्या, चालेल."

एवढंच. एक वाक्य. इरानं माझ्यासमोर लॅपटॉपवर बटण दाबलं. तिसऱ्या वर्षीही मी तिला कमीच कोर्सेस घ्यायला लावले. मार्क खरोखरच छान आले. मग तिनं अर्ज केला आणि तो न वाचताच परत आला. दहा कोर्सेसचं दुसरं पूर्ण वर्ष नाही, त्यामुळे निकषांत बसत नाही. इरा बेसमेंटमधल्या तिच्या खोलीत दोन दिवस पडून होती. दाराबाहेर मी उभा असताना तिचा आवाज ऐकू आला, "बट कुंदाआजी सेड इट वॉज ओके!" दार ढकलून आत जाण्याइतका धीर माझ्यात नव्हता... त्याच आठवड्यात कुंदाताईंकडून इराच्या नावानं एक जाड पाकीट आलं. इरानं ते न उघडताच रिसायकलिंगच्या निळ्या पिशवीत टाकलं. मी ते काढलं. आत चौथ्या वर्षाचा नवा तक्ता होता, दहा कोर्सेसचा, वेळांसकट. झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर नाही. मी तो तक्ता कंप्युटरवर टाइप केला आणि इराला म्हटलं, "मी जरा शोधाशोध केली." इरानं मला मिठी मारली. त्या तक्त्याप्रमाणे ती शिकली आणि आज कॅल्गरीत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

पण मला तेवढ्यानं भागलं नाही. लोक विचारत, इराचं काय झालं? त्या वर्षीच्या दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, कम्युनिटी हॉलमध्ये एकानं आपल्या मुलासाठी कुंदाताईंकडे जायचा विषय काढला आणि मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "नका जाऊ. वय झालंय त्यांचं. नियम जुने सांगतात. आमच्या इराचं वाटोळं केलं." बोलून वळलो तर चहाच्या मोठ्या भांड्यापाशी कुंदाताई उभ्या. हातात माझ्यासाठीच भरलेला कप. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नितीन, साखर एक की दोन?" मी "एक" म्हणालो. त्यांनी एक चमचा साखर घातली, ढवळली आणि कप माझ्या हातात दिला. तेव्हा मला वाटलं, त्यांनी ऐकलं नसावं. माणूस स्वतःला काय काय पटवतो! पुढच्या वसंतात त्यांच्या स्वयंपाकघरात फारसं कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या वसंतातही नाही.

गेल्या नोव्हेंबरात त्या समीरकडे किचनरला कायमच्या जायला निघाल्या. हृदय थकलं होतं. मी खोकी भरायला मदत करायला गेलो. स्वयंपाकघराच्या टेबलावर एक नवा तक्ता पडला होता, त्याच वर्षीचा, कडेला फोनच्या तारखांसकट. मी विचारलं, "हा कुणासाठी?" "कुणासाठी नाही. पण कुणी आलं तर हाताशी असावा." चार वर्षं दार कुणी वाजवत नव्हतं, आणि ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई फोनवर वाट बघत, पूर्ण वाक्य वाचून घेत, न येणाऱ्या मुलांसाठी तक्ते काढत होती. माझ्यानं राहवेना. "कुंदाताई, त्या कोर्सबद्दल मला तुम्हाला..."

"माहीत आहे रे," त्या खोक्याला टेप लावत म्हणाल्या. "अर्ज परत आला तेव्हाच इरानं फोन केला होता. जाम भडकली होती माझ्यावर. यू टोल्ड माय डॅड इट्स ओके, म्हणाली. मला तेव्हाच कळलं."

"मग तुम्ही तिला खरं का नाही सांगितलं?"

"त्या वर्षी पोरीला बाप लागणार होता. माझ्यावाचून तिचं काही अडत नव्हतं... ते टोक धर जरा, टेप दुमडतेय."

मी टोक धरलं. पुन्हा काही बोलू गेलो तर म्हणाल्या, "माझ्यापाशी काय बोलतोस? तिच्यापाशी बोल. आता ती मोठी झालीय. बाप खोटं बोलला, हे आता झेपेल तिला." मी म्हटलं, सांगतो. त्या हसल्या. "सांगशील. फक्त मी मरायची वाट बघू नकोस."

मी तेच केलं. नोव्हेंबर गेला, डिसेंबरात इरा घरी येऊन गेली, तिच्याबरोबर रोज जेवलो, आणि बोललो नाही. मग तो फोन आला. इराला कळवलं तर ती म्हणाली, "ओह. दॅट्स सॅड." आणि पुढं, "आईला सर्दी झाली होती ना, बरी आहे का?" जिच्यापाशी ही मुलगी एके काळी दीड तास मनातलं बोलली होती, तिच्या वाट्याला एवढंच आलं. आणि ते माझ्यामुळे. नोव्हेंबरपासून मी विचार करतो आहे की स्वतःवर आलेला आळ बाजूला ठेवून, आळ घेणाऱ्याच्या मुलीचा पुढचा तक्ता काढायला माणूस पेन्सिल कशी उचलतो... मोठी माणसं मी ऑफिसात, सभांत पुष्कळ पाहिली. कुंदाताईंइतकं मोठं माणूस पाहिलं नाही, आणि ते माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होतं.

त्या शनिवारी मी गाडी काढली आणि तीन तास चालवत कॅल्गरीला गेलो. इरा नुकतीच हॉस्पिटलमधून आली होती, उभ्यानंच सीरियल खात होती. "बाबा? यू ड्रोव्ह इन धिस वेदर? इज आई ओके?"

"आई ठीक आहे. इरा, तो इंग्लिशचा कोर्स... मी कुंदाताईंना फोन केलाच नव्हता."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिनं वाटी खाली ठेवली. "अँड द प्लॅन? द वन यू टाइप्ड?"

मी खिशातून मूळ कागद काढून दिला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला. इंग्रजीच्या कोर्सपुढं कुंदाताईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हा सकाळचा घे, सकाळी तू ताजी असतेस.' मराठी वाचायला तिला वेळ लागतो. ती ओठ हलवत वाचत होती.

"डिड शी नो?"

"हो. तू त्यांना फोन केलास तेव्हापासून."

"अँड शी लेट मी शाउट अ‍ॅट हर..." तिचा आवाज फाटला. त्या टेप लावता लावता काय म्हणाल्या, ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती खिडकीकडे वळली. मी सुरुवात केली, "मला वाटलं होतं, तुझे मार्क..." "बाबा, डोंट," ती पाठमोरीच म्हणाली. "डोंट एक्स्प्लेन."

म्हणून मी समजावणं थांबवलं. म्हणालो, "इरा, मी तुझ्याशी खोटं बोललो. तुझी दोन वर्षं माझ्यामुळे गेली. आणि तुझ्यावर माया करणारी एक बाई तू माझ्यामुळे गमावलीस, तिला निरोपही न देता. त्याची भरपाई मला करता येणार नाही. मला माफ कर."