दोन्ही बाजूंनी ठाम

माझ्या मेहुण्यांइतका ठाम माणूस अख्ख्या पुण्यात सापडला नसता. अडचण एवढीच, की ते दोन्ही बाजूंनी ठाम असत. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळी पुंजी घालून एक पिवळीजर्द, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार घेतली. "आयुष्यभर चेपलेल्या गाड्या बघितल्या, एक तरी न चेपलेली बघू दे," ते म्हणाले. ताई म्हणाली, "बघा की. पण चालवू नका."

गाडीपाठोपाठ तिला सुपरचार्जर बसवावा की नाही, हा प्रश्नही घरात आला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून त्याची ताकद वाढवणारं यंत्र, हे वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत भाजीवाल्यापासून चेअरमनपर्यंत सर्वांना पाठ झालं होतं. सकाळच्या चहाला मेहुणे पूर्णपणे बाजूने असत: पाय टेकवला की ओढ, आणि कात्रजच्या घाटात गाडी कुरकुरणार नाही. दुपारची झोप झाली की तितक्याच खात्रीने विरुद्ध: इंजिन तापणार, पिस्टनला तडा जाणार, आणि बदल कळवला नसेल तर विम्याचा क्लेम नामंजूर. "मी स्वतःच केला असता नामंजूर," हे ते अभिमानाने सांगत. एकदा मी धीर करून म्हटलं, "भाऊजी, या रहदारीत गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही. जास्तीची ताकद हवी कशाला?" त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुझ्या कपाटातली सगळी पुस्तकं वाचून झाली का रे?"

वाघोलीला असली कामं करणारा एक गॅरेजवाला होता. तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. इंजिन फुटत नाही."

"फुटत नाही म्हणणाऱ्यांच्याच गाड्या तपासल्यात मी," मेहुणे म्हणाले, आणि निघताना त्यालाच बजावून आले, "पण बसवायला हवा, यात शंका नाही."

ताई या सगळ्याची टिंगल करायची. एकदा मात्र स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "इंजिन फुटलं तर फुटू दे रे. ह्यांना काही झालं तर मी काय करू?" बाहेरून आवाज आला, "हा मुद्दा राहिलाच होता!" त्यानंतर मेहुणे आठवडाभर, सकाळीसुद्धा, विरुद्धच राहिले. मग घाट आठवला असावा.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. गाडीला साधा ओरखडाही नव्हता.

परवा त्या गॅरेजवाल्याचा फोन आला. त्याला काही कळलेलं नव्हतं. ताईने फोन स्पीकरवर टाकला. "काकू, काकांना सांगा, नवीन सुपरचार्जर आलाय. इंजिनावर ताण कमी." आता ती त्याला सांगेल, असं मला वाटलं. तिने ऐकून घेतलं. इंजिन तापेल का, विम्याचं काय, हेही विचारलं. तो उत्साहाने बोलत राहिला, आणि ती "हं, हं" करत राहिली.

मग म्हणाली, "बरं. ह्यांना विचारून कळवते."