जयंतीचं पांढरं लुगडं
जवसाच्या तेलात रंग कालवला की त्या वासानं राळेगावची एक दुपार आठवते. कापसाची वाईट वर्षं होती. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. युक्रेनच्या एका जुन्या चित्रकाराचं पुस्तक हाती लागलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यापाड्यांत हिंडून त्यानं माणसं दिसली तशी रंगवलेली. मलाही तसंच खरं चित्र काढायचं होतं. कापूस वेचणाऱ्या एका बाईंना बोलावलं, तर त्या चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसायचं पांढरंशुभ्र लुगडं नेसून आल्या. म्हटलं, "हे नको. वावरातलं फाटकं नेसून या." त्या जरा घुटमळल्या. "फाटकं तं रोजचंच हाय, मास्तर. चित्रात तरी चांगलं राहू द्या ना." मी ऐकलं नाही. त्या फाटकं नेसून आल्या आणि पदराचं भोक मुठीत झाकून बसल्या. मी ती मूठही सोडायला लावली. चित्राला नागपुरात बक्षीस मिळालं. त्यांना ते दाखवायची हिंमत मला झाली नाही. परवा ते पुस्तक पुन्हा उघडलं. त्याच्या चित्रांतल्या कितीतरी बायका भरतकाम केलेल्या, सणाच्या कपड्यांत उभ्या आहेत. त्यानं कुणालाच घरी परत पाठवलेलं दिसत नाही.