कमरेची घुंगरमाळ

आमच्याकडे आता बैल नाहीत, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी घुंगरमाळेला तेल लावते. काल चामड्याचा तो तेलकट वास आला आणि मी मनाने आर्णीजवळच्या आमच्या शेतात, वाळलेल्या तुरीत जाऊन उभी राहिले.

रानडुकराने आमच्या ह्यांची मांडी फाडली होती, त्यानंतर ते पहिल्यांदाच शेतात आले होते. जखम भरली होती. पण वाऱ्याने शेंगा खुळखुळल्या, की विळा घट्ट धरून ते जागीच थिजत. मी पाणी घेऊन तुरीच्या ओळीतून येत होते. माझ्या पावलांनी पाला वाजला आणि त्यांनी विळा उगारला.

“कोन हाय?”

“मी व्हय, मी!” माझा आवाज चिरकला.

विळा टाकून ते खालीच बसले. “तुले लागला असता त?”

‘काही होत नाही’ असं सगळे त्यांना सांगत. माझ्या तोंडून ते निघेना. मी बैलबंडीकडे गेले, बैलाच्या गळ्यातली माळ सोडली आणि स्वतःच्या कमरेला बांधली. शेजारच्या वावरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. लाजेने कान तापले, तरी दिवसभर मी तशीच घुंगरं वाजवत तूर कापली.

तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांचं काम आहे. बैल विकले, माळ राहिली. अजूनही तुरीत मी घोटभर पाणी प्यायला थांबले, की पलीकडून त्यांचा कापरा आवाज येतो, “थांबली काहून व?”

मी आधी कंबर हलवते, मग पाणी गिळते.