पोरीच्या गावची वस्ती

कोणत्याही गावाचं नाव निघालं की मावशी हातातलं काम थांबवायच्या आणि विचारायच्या, "अडल्या येळी हाक मारली, तं कोन येईन तिथं?" गाव मोठं आहे, बाजार भरतो, रस्ता डांबरी आहे, हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. सोयरीक जुळवायला निघालेल्या माणसालाही त्या भर रस्त्यात उभं करून हेच विचारत. त्याला सांगता आलं नाही, की मान फिरवून भाजीवर पाणी शिंपडायला लागत. मुहूर्ताआधीच शंका काढणारं असं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. मला तर त्यांचा रागच यायचा.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याच्या पायरीला लागून मावशींचं भाजीचं पाल. मळा स्वतःचा, गावाच्या कडेलाच. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सगळं त्या स्वतः खुडून आणायच्या आणि जुड्या बांधता बांधता माझ्या गिऱ्हाइकांची चौकशी करायच्या. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगी, ती शिकली. जावई कारखान्यात इंजिनिअर मिळाला, आणि लग्नाला वर्ष होतं न होतं तोच दोघं अमेरिकेला गेली. आख्ख्या रस्त्यानं पेढे खाल्ले. मावशींनी मात्र दुसऱ्याच दिवशी माझ्याशेजारी खुर्ची ओढली.

"बापू, पोरीचं गाव दाखव."

लग्नाआधी मुलीकडच्यांनी गाव पाहून यायचं, ही आपली रीत. विहीर पाहायची, शेजार पाहायचा, चार घरी चहा घ्यायचा. हे गाव पाहायचं राहून गेलं होतं, ते त्यांना माझ्या कॉम्प्युटरवर पाहायचं होतं. मी माहिती काढून मराठीत सांगू लागलो. नदीच्या वळणावर वसलेलं शहर, तीन बाजूंनी टेकड्या, हिवाळ्यात बर्फ.

"नदी हाये म्हंजे पान्याचं बरं हाये," मावशी म्हणाल्या. "वस्ती?"

मी आकडा वाचला.

"अरे, हे तं आपल्या केनवडएवढं! याले शहर म्हनतेत?"

दुकानातली सगळी माणसं हसली. मावशीही हसल्या. मग मी इतिहास वाचायला घेतला. आधी तिथे मूळचे लोक राहत. त्यांना हुसकावून गोरे आले. त्यांनी जंगल तोडलं, ओंडके नदीतून वाहून आणले, कागदाची गिरणी काढली, रेल्वे आली. पुढे गिरणी बंद पडली. तेव्हापासून प्रत्येक शिरगणतीला वस्ती आधीपेक्षा कमी भरत आली होती.

मावशींचं हसू गेलं. "म्हंजे एकदा उजाड झालंच व्हतं. आन् आता दुसऱ्यांदा होऊन राह्यलं."

"तसं नसते हो मावशी. जावयाचा कारखाना आहे ना तिथं."

"लोकं काहून कमी होऊन राह्यले, थे सांग."

मला काय ठाऊक! मी विषय बदलायला म्हणून रस्त्याचे फोटो उघडले. त्यात बटण दाबत गेलं की आपण गल्लीतून चालत असल्यासारखं वाटतं. मुलीच्या गल्लीत शिरलो. छान लाकडी घरं, अंगणात गवत. मावशी स्क्रीनजवळ सरकल्या. एका घराच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यापुढच्याही घराच्या.

"मानूस दाखव रे एखादं."

मी पुढे गेलो. वळणावरून डावीकडे घेतलं, पुन्हा मागे आलो. कुठेही माणूस नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, तिकडची माणसं गाडीतून उतरतच नाहीत. कोणी हसलं नाही. खरं सांगतो, भर दुपारी, स्वतःच्या दुकानात बसून मी मान वळवून बाहेरच्या गर्दीकडे पाहून घेतलं. मुलीच्या घराच्या एका बाजूला मोकळी जागा होती, दुसऱ्या बाजूला बंद घर.

त्या दिवशी मावशींनी त्यांच्या माहेरची गोष्ट सांगितली. रिठदच्या पलीकडे कुठेतरी ते गाव होतं. आज तिथे नुसती जोती आहेत. आपल्याकडे अशा उजाड गावाला रिठी म्हणतात. आधी दुकानदार गेला, मग न्हावी, मग सुईण आपल्या लेकाकडे गेली. विहिरीचं पाणी आटत होतं, ज्याला जमलं तो निघाला. मावशींची आई तेव्हा पोटुशी होती. कळा सुरू झाल्या तेव्हा बाप शेजारच्या गावाला सुईण आणायला धावला, आणि ही लहान पोर घरोघर हाका मारत फिरली.

"घरायले कुलपं, बापू. मले ठाऊक व्हतं कुलपं हायेत. तरी म्या कड्या वाजवल्या."

सुईण आली तोवर आई गेली होती. हे सांगताना मावशी मेथीची जुडी बांधत होत्या. ती सुटत होती आणि त्या पुन्हा बांधत होत्या. मी चहा मागवला.

त्यानंतर त्यांची चेष्टा करायचं माझं धाडस झालं नाही. मुलीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी पेढे वाटले नाहीत. "बापू, पासपोर्ट काढ," एवढंच म्हणाल्या. वाशीमच्या पुढे एकटी न गेलेली बाई! "इमानाचं भेव नाही वाटत," त्या म्हणाल्या, "त्या गल्लीचं वाटते." मुलाखतीला मुंबईला गेल्या, घाबरत घाबरत व्हिसा घेऊन आल्या. मळा पुतण्याकडे सोपवला. निघताना त्यांनी माझा हात धरला.

बाळंतपण मोठ्या शहरातल्या दवाखान्यात सुखरूप झालं. नात झाली. सहा महिन्यांनी मावशी परतणार होत्या, पण त्यांनी मुदत वाढवून घेतली. पायरीशेजारी आता एक पोरगा मोबाईलची कव्हरं विकतो.

परवा सकाळी मळ्याच्या सातबाऱ्यासाठी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे तेव्हा संध्याकाळ होती. जावई कामावर, बाळ तिच्या मांडीवर. "मावशी कुठं आहेत?" मी विचारलं. तिनं फोन खिडकीकडे वळवला.

शेजारचं बंद घर. त्याचा मालक दूर राहतो. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून लक्ष ठेवायला त्यानं किल्ली जावयाकडे दिली होती. मालकाला सांगून मावशी रोज दिवेलागणीला ती किल्ली घेतात, त्या घरात जाऊन दिवा लावतात आणि जावई परतेपर्यंत तिथेच वावरतात.

"मी खिडकीतून पाह्यलं, तं शेजारी कोनीतरी दिसलं पाह्यजे म्हनते," मुलगी म्हणाली. "म्या म्हन्लं, नको जाऊ. आयकत नाही. तिलेच लय भेव वाटते दादा, येते तवा लटलट कापत राह्यते. तरी रोज जाते."

बाहेर बर्फ पडत होता. अंधारात बुडालेल्या त्या ओळीत एकच खिडकी पिवळी होती. तिच्यामागे लुगड्यावर स्वेटर घातलेली एक बाई इकडून तिकडे जात होती. थांबत होती, वाकत होती, काहीतरी उचलून ठेवल्यासारखं करत होती. त्या घरात सामान नव्हतं. मग ती खिडकीशी आली आणि आमच्या बाजूला पाहत उभी राहिली. मुलीनं बाळाचा हात धरून हलवला. मावशींनीही हात वर केला, आणि घरात खूप कामं पडली असावीत तशा लगबगीनं त्या आत वळल्या.