लिंबावरचा अनोळखी गळा

पत्रक छापण्याआधी पक्षी बघून घ्यावा, हे मला आता मान्य आहे.

त्या फाल्गुनात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, शेताच्या बांधावरचा लिंब तोडायचं ठरवलं. सोमवारी करवतवाले येणार होते. कारण विचारलं तर म्हणाले, "राघूंचं लॉजिंग झालंय ते. ऱ्हायाला लिंब, खायाला आपलं सूर्यफूल." मी झाडं वाचवा म्हणत तीन वर्षं पत्रकं वाटत हिंडलेली. (पाथरीच्या स्टँडवर लोक त्यात भजी खातात, तो वेगळा विषय.) आणि झाड तोडणारा निघाला घरातच! मी जेवण सोडलं. आईनं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी फोडणीचा वास आला आणि उपोषण मिटलं.

शनिवारी सकाळी रागानं शेतात गेले, आणि राग कशाचा होता तेच विसरले. लिंबाला तांबूस पालवी फुटली होती. सूर्यफुलं कोवळ्या उन्हात अर्धवट जागी. आणि त्यातून आवाज आला. ऊंऽऽ... व्वाऽऽ... टिर्र. मग शांतता. पुन्हा ऊंऽऽ. कोकिळेचा नाही, भारद्वाजाचा नाही. कुणीतरी झोपेत गाणं आठवत असावं, तसा. मी तासभर बसून राहिले. दवानं ओढणी भिजली, तेही कळलं नाही.

दुपारी पत्रक तयार: 'अनोळखी पाखराचे घर पाडणाऱ्या प्रवृत्तीचा जाहीर निषेध!' अण्णांनी ते चष्मा लावून वाचलं.

"प्रवृत्ती म्हंजी मी का?"

"हो."

"बरं. पाखरू दाखीव. खरं निघालं तर लिंब ऱ्हाईल. न्हाई तर सोमवारी गप बसायचं, बाई."

रविवारी मी पाथरीहून एका निवृत्त गुरुजींना आणलं. पिसावरून पाखरू ओळखणारा माणूस. आम्ही तिघं माना वर करून शेंड्याकडे बघत उभे. ऊंऽऽ... व्वाऽऽ. गुरुजींनी दुर्बीण खाली ठेवली, डोळे मिटले आणि वहीत लिहिलं: 'खर्जातला स्वर. विरह असावा. वयस्क नर.'

"लय ग्वाड गायलंय," अण्णा हळूच म्हणाले. मी जिंकले होते.

तेवढ्यात आई भाकरी घेऊन आली. "काय बगायलेत समदे?"

"हळू बोल. पाखरू गायलंय," अण्णा म्हणाले.

आईनं कान दिला आणि माझ्याकडे वळली. "पाखरू कुठलं? तुजा भोंगा हाय त्यो. राघूसाठी परवा मीच बांधलाय. सेल उतरलेत."

"मला कामून सांगितलं न्हाई?" अण्णा.

"इचारलं व्हतं का?"

मोर्च्यातला माझा भोंगा. घोषणा त्यात भरून ठेवलेली. (रोज ओरडून घसा बसतो.) आईनं खालच्या फांदीतल्या भोंग्यावरचं पोतं सोडलं, सेल बदलले, आणि अख्ख्या शिवारात मी कडाडले, "झाडं तोडणाऱ्यांनो, लाज धरा!" लिंबातून राघूंचा थवाच्या थवा उठला आणि ओढ्यापलीकडे गेला. गुरुजींनी वहीतलं 'नर' खोडलं.

अण्णांनी एकदा ओढ्याकडे बघितलं. मग त्यांनी करवतवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. भोंगा टांगायला उंच झाड पायजे."

लिंब वाचला. माझ्या चळवळीनं वाचवलेलं हे पहिलंच झाड. पाखरांसाठी वाचवलं, आणि माझा आवाज आहे तोवर त्यावर एक पाखरू बसायला तयार नाही.